जखमेच्या जागेवरून सवय ओळखणारे डॉ. खानोलकर

तोंडात जखम घेऊन आलेल्या माणसाला आम्ही डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो. खर्रा कोणत्या गालात धरता, हा तो प्रश्न. वर्धा जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात तो रोज विचारावा लागतो आणि बहुतेक वेळा रुग्ण ज्या बाजूला बोट दाखवतो, त्याच बाजूला जखम असते. आज हे अगदी साधे वाटते. पण जखमेची जागा आणि माणसाची सवय यांची सांगड आपल्या देशात कुणीतरी धीराने, मोजूनमापून घातली, म्हणून आज आपण हा प्रश्न विचारू शकतो. ते काम करणाऱ्यांत अग्रभागी होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी एका गोमंतकीय कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले आणि १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची पॅथॉलॉजी विषयातील एम.डी. पदवी त्यांनी मिळवली. परत आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि पुढे परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी हाच विषय शिकवला. पॅथॉलॉजिस्ट रुग्णाला औषध देत नाही, शस्त्रक्रियाही करत नाही. शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार कोणता आणि तो कुठवर पसरला, हे तो सांगतो. रुग्णाला त्याचे नावही ठाऊक नसते, पण सर्जनचा पुढचा निर्णय त्याच्या शब्दावर ठरतो.

लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टने परळला कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय बांधले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झाले. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी खानोलकरांकडे आली. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि प्रयोगशाळा एका छताखाली असल्याने सर्जनने काढलेली गाठ आणि ती ज्याच्या तोंडातून निघाली तो माणूस, दोघांचीही माहिती त्यांना मिळू लागली.

त्या काळी तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया म्हणजे काय होते, याची आज कल्पना करणे अवघड आहे. पेनिसिलिन अजून रुग्णांपर्यंत पोहोचले नव्हते. गाल आणि जबड्याचा भाग काढल्यावर ती पोकळी भरून काढण्याचे मार्ग फार थोडे होते. रुग्ण वाचला तरी चेहरा आत ओढला जाई, लाळ गळे, घास चावता येत नसे. याच रुग्णालयात नाव मिळवलेल्या डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्यासारख्या सर्जननी ही कामे पार पाडली. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आज बोर्जेस यांचेच नाव आहे.

सर्जनपुढे प्रश्न असे ही गाठ कशी काढायची. ती इथेच का आली, हा प्रश्न खानोलकरांना पडला. कर्करोग हा पाश्चात्त्यांचा आजार आहे, आपल्याकडे तो क्वचित होतो, अशी तेव्हा समजूत होती. तोंडाच्या कर्करोगाचा दोष कुणी किडक्या दातांना देई, कुणी गरमीच्या रोगाला. खानोलकरांनी मात्र रुग्ण काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याची चौकशी केली.

१९४५ मध्ये सूर्याबाई या सहकारी डॉक्टरांबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. भारतीयांच्या रोजच्या चालीरीतींशी जोडलेले कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात मांडले होते. तंबाखूत चुना मळून ती गोळी खालच्या ओठामागे धरणाऱ्यांना नेमका तिथेच कर्करोग होत होता. धोतराची घट्ट गाठ वर्षानुवर्षे जिथे घासते, त्या कमरेच्या कातडीवरही कर्करोग आढळत होता. काश्मिरात पोटाशी धरायच्या शेगडीमुळे होणारा कांगडी कर्करोग डॉक्टरांना आधीच माहीत होता. खानोलकरांच्या निबंधाने ही साखळी लांबवली. आजार कुठे होईल हे जात, वर्ण किंवा नशीब ठरवत नाही, सवय ठरवते, असा त्याचा अर्थ होता. मुंबईच्या वेगवेगळ्या समाजांची तुलना करतानाही हेच दिसले. तंबाखू चघळण्याची चाल नसलेल्या पारशी समाजात तोंडाचा कर्करोग कमी होता.

पण संशय घेणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० मध्ये सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता. खानोलकरांनी डॉ. संघवी आणि डॉ. राव यांच्यासह तसाच हिशेब तोंड व घशासाठी मांडला. कर्करोग झालेल्यांच्या आणि न झालेल्यांच्या सवयी त्यांनी शेजारी ठेवून पाहिल्या. हे काम १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. तंबाखू चघळणाऱ्यांना मुख्यतः तोंडाचा आणि बिडी ओढणाऱ्यांना मुख्यतः घशाचा धोका, हे त्यातून पुढे आले.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरचे ते पहिले संचालक झाले. डॉ. कमल रणदिवे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट केली आणि या संस्थेत पेशींच्या संवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. कर्करोगाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्षपद, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि पद्मभूषण असे मान त्यांना मिळाले. कुष्ठरोगात मज्जातंतूंचे काय होते, यावरही त्यांनी काम केले. दत्तपूरच्या कुष्ठसेवेचा वारसा सांगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतर शस्त्रक्रिया खूप पुढे गेली. गाठीसोबत भोवतालचा थोडा निरोगी भागही काढला जातो. गालाची जागा छातीच्या किंवा हाताच्या कातडीने आणि जबड्याची जागा पायाच्या हाडाने भरता येते. रुग्ण पुन्हा बोलतो, जेवतो. मानेतल्या गाठींबाबत टाटा मेमोरियलच्याच डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये महत्त्वाचे उत्तर दिले. तोंडाचा कर्करोग लहान आहे आणि मानेत गाठ हाताला लागत नाही, अशा सुमारे ५०० रुग्णांचा हा अभ्यास होता. मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांतले ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ आल्यावरच काढायची असे ठरवले, त्यांच्यात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. म्हणून जखम छोटी असताना सर्जन मानेवरही छेद घ्यायला सांगतो, तेव्हा नातेवाइकांनी घाबरून नकार देऊ नये.

आणि शस्त्रक्रियेनंतर काढलेला भाग आजही पॅथॉलॉजिस्टकडेच जातो. कडा स्वच्छ आहेत का, जखम किती मिलिमीटर खोल गेली, किती ग्रंथींत आजार सापडला, हे तो सांगतो. किरणोपचार लागतील की नाही, हे बरेचसे त्यावरच ठरते.

राहिला प्रश्न आपला. वर्धा दारूबंदीचा जिल्हा आहे, पण पानठेल्यावर पन्नीत घोटलेला खर्रा सहज मिळतो. सुपारी, तंबाखू आणि चुना हे तिन्ही त्यात एकत्र येतात. नुसत्या सुपारीनेही तोंडाचे अस्तर कडक होते आणि तोंड उघडेनासे होते. मग लवकर तपासणीही अवघड होऊन बसते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे घरीच पाहता येते. जात नसतील, किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, मानेत गाठ, यांतले काहीही असेल तर दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग सहसा दुखत नाही. तुकडा काढून तपासल्याने आजार पसरतो, ही भीतीही खोटी आहे. पैशांची चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, तिच्यात कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे.

सर्जन गाठ काढतो, सवय काढू शकत नाही. एका गालाची शस्त्रक्रिया झाल्यावर दुसऱ्या गालात खर्रा धरणारे रुग्ण आम्ही पाहतो, आणि काही वर्षांनी त्या गालाचीही शस्त्रक्रिया करावी लागते. खानोलकरांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी दिलेले उत्तर या रुग्णांपर्यंत अजून पोहोचलेले नाही. ते पोहोचवण्याचे काम जेवढे डॉक्टरांचे, तेवढेच घरच्यांचेही आहे.