हॅम्लिन गार्लंड : गवताळ प्रदेशातील एक शेतकरीपुत्र

अमेरिकन वास्तववादी कथेच्या इतिहासात हॅम्लिन गार्लंड (१८६०–१९४०) यांचा उल्लेख बहुधा ‘मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स’ (१८९१) या कथासंग्रहापुरता होतो. या संग्रहामागील प्रेरणा मात्र त्यांच्या कौटुंबिक जीवनात शोधावी लागते.

गार्लंड यांचा जन्म १४ सप्टेंबर १८६० रोजी विस्कॉन्सिन राज्यातील वेस्ट सेलम या गावाजवळ झाला. वडील रिचर्ड हे मूळचे मेन राज्यातले. यादवी युद्धात सैनिक म्हणून लढून परतल्यावर त्यांना पश्चिमेकडील नव्या जमिनीची ओढ लागली आणि ती पुढे सुटली नाही. आई इझाबेल ही मॅक्लिंटॉक या स्कॉटिश वंशाच्या, संगीतप्रेमी घराण्यातली. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतकऱ्याला १६० एकर सरकारी जमीन मिळण्याची सोय झाली होती. या कायद्याच्या काळात रिचर्ड यांनी कुटुंबासह आधी आयोवा आणि १८८१ मध्ये डाकोटा प्रदेश गाठला. प्रत्येक स्थलांतरात वडिलांना नवी आशा दिसे. आईच्या वाट्याला मात्र नातलगांपासूनची ताटातूट आणि पुन्हा तेच कष्ट येत. हॅरिएट आणि जेसी या दोन्ही मुली अकाली गेल्या. हॅम्लिन आणि फ्रँकलिन हे दोघे मुलगे उरले.

आयोवात हॅम्लिन लहानपणीच नांगरामागे चालू लागले. ओसेज येथील सीडर व्हॅली सेमिनरीतून १८८१ मध्ये त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. डाकोटात त्यांनी स्वतःच्या नावे जमीन घेऊन पाहिली. पण १८८४ मध्ये ती सोडून ते बॉस्टनला गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी स्वतःच्या बळावर व्यासंग केला. हेन्री जॉर्ज यांच्या जमीन-करविषयक विचारांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. १८८७ मध्ये ते घरी आले, तेव्हा आईचे झिजलेले आयुष्य त्यांना नव्या दृष्टीने दिसले. पुढे तिला अर्धांगाचा झटका आला आणि आपण स्वतः सुटलो, आई अडकली, ही अपराधी जाणीव त्यांच्या मनात रुजली.

‘मेन-ट्रॅव्हल्ड रोड्स’मधील सहा कथांमागे हीच जाणीव आहे. संग्रह आईवडिलांना अर्पण केलेला आहे. त्यातील एका कथेत शहरात यशस्वी झालेला मुलगा घरी परततो आणि आई व भावाचे दारिद्र्य पाहून खजील होतो. दुसऱ्या कथेला वडिलांच्या युद्धावरून परतण्याचा आधार आहे. ‘क्रम्बलिंग आयडॉल्स’ (१८९४) या ग्रंथात त्यांनी मांडलेला, स्थानिक अनुभवावर भर देणारा ‘व्हेरिटिझम’चा विचार याच अनुभवातून आलेला दिसतो.

१८९३ मध्ये त्यांनी वेस्ट सेलम येथे घर घेऊन आईवडिलांना परत आणले. आयुष्यभर पश्चिमेकडे चाललेल्या पित्याची वाट मुलाने अशी उलटी फिरवली. १८९९ मध्ये शिल्पकार लोराडो टाफ्ट यांची बहीण झुलाइम हिच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी आईचे निधन झाले. मेरी इझाबेल आणि कॉन्स्टन्स या त्यांच्या दोन कन्या होत.

१९१४ मध्ये वडील वारले. त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या ‘अ सन ऑफ द मिडल बॉर्डर’ (१९१७) या आत्मचरित्रात पित्याच्या धडपडीला सहानुभूती लाभली आहे. पूर्वीच्या कथांतील रोष येथे ओसरला, अशी टीका करता येईल. तथापि पित्याचे स्वप्न आणि मातेने मोजलेली त्याची किंमत या दोहोंना एकाच कथनात स्थान मिळाले, हे या ग्रंथाचे खरे सामर्थ्य होय. त्याच्या उत्तरभागाला, ‘अ डॉटर ऑफ द मिडल बॉर्डर’ला (१९२१), १९२२ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले.

उत्तरायुष्यात गार्लंड स्वतःही पश्चिमेकडेच, कॅलिफोर्नियात स्थायिक झाले. ४ मार्च १९४० रोजी हॉलिवूड येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी वेस्ट सेलम येथे दफन करण्यात आल्या आणि आईवडिलांसाठी घेतलेले ते घर १९७१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाले. ज्या भूमीने आईला थकवले, तिच्यापासून दूर जाऊनच तिच्याविषयी लिहिता आले, हा त्यांच्या जीवनातील आणि साहित्यातील मूलभूत ताण होता.