बँकांशी झुंजलेला इंजिनचालक

ऑस्ट्रेलियात 2010 ते 2018 या काळात पंतप्रधानपद पाच वेळा एका हातातून दुसऱ्या हातात गेले. त्यांपैकी चार वेळा हा बदल मतदारांनी नव्हे, तर सत्ताधारी पक्षाच्या खासदारांनी घडवला. याच काळात बँकांच्या गैरव्यवहारांनी जनता इतकी संतापली की, आधी नकार देणाऱ्या सरकारला 2017च्या अखेरीस शाही चौकशी आयोग नेमणे भाग पडले. राजकारणी आपले ऐकत नाहीत आणि अर्थव्यवस्थेची सूत्रे भलत्यांच्याच हाती आहेत, ही तेथील सामान्य माणसाची तक्रार मात्र जुनी आहे. या जनक्षोभाचा फटका दोनदा आणि तोही परस्परविरोधी कारणांसाठी बसलेला नेता म्हणजे जोसेफ बेनेडिक्ट ऊर्फ बेन चिफ्ली. 1945 ते 1949 या काळात पंतप्रधान राहिलेल्या या माणसाचे चरित्र म्हणजे लोकशाहीतील आर्थिक धोरणाच्या अवघडपणाचा एक धडाच आहे.

चिफ्ली यांचा जन्म 22 सप्टेंबर 1885 रोजी न्यू साउथ वेल्समधील बॅथर्स्ट या गावी झाला. वडील लोहारकाम करीत. घराणे मूळचे आयरिश कॅथलिक. बेनचे बालपण मात्र गावाबाहेर, आजोबांच्या शेतावर गेले. 1890च्या दशकात ऑस्ट्रेलियातील बँका एकामागून एक कोसळल्या आणि त्यांत आजोबांची आयुष्यभराची पुंजी बुडाली. खासगी बँकांविषयीचा अविश्वास चिफ्ली यांच्या मनात तेव्हा रुजला तो कायमचाच.

1903 मध्ये ते रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये पोऱ्या म्हणून लागले. दिवसा काम आणि रात्री अभ्यास असा क्रम ठेवून त्यांनी 1914पर्यंत प्रथम श्रेणीच्या इंजिनचालकाचे पद मिळवले. 1917 मध्ये रेल्वे प्रशासनाने कामगारांच्या प्रत्येक कामाचा वेळ नोंदवणारी कार्डपद्धती आणली आणि तिच्याविरुद्ध मोठा संप झाला. संप फसला. चिफ्ली यांना बडतर्फ करण्यात आले. पुढे परत घेतले ते खालच्या पदावर आणि सेवाज्येष्ठता हिरावून. या अन्यायाने त्यांना कडवट बनवण्याऐवजी संघटक बनवले. इंजिनचालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या उभारणीत ते पुढे आले आणि 1928 मध्ये मॅक्वारी मतदारसंघातून मजूर पक्षातर्फे संसदेत पोहोचले.

ऑक्टोबर 1929 मध्ये जेम्स स्कलिन यांचे मजूर सरकार सत्तेवर आले आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. लोकर व गहू यांचे भाव गडगडले, लंडनहून मिळणारे कर्ज आटले. पुढच्या दोन-तीन वर्षांत बेकारी वाढत वाढत संघटित कामगारांपैकी तीस टक्क्यांच्या घरात गेली. 1930 मध्ये बँक ऑफ इंग्लंडचे ऑटो निमेयर ऑस्ट्रेलियात आले आणि काटकसरीचा कडू काढा देऊन गेले. अर्थमंत्री थिओडोर यांना पतपुरवठा वाढवून रोजगारनिर्मिती करायची होती. परंतु सिनेट विरोधकांच्या हाती होते आणि सरकारी मालकीच्या कॉमनवेल्थ बँकेचे संचालक मंडळही सरकारला दाद देईना. लोकांनी निवडून दिलेले सरकार स्वतःच्याच बँकेपुढे हतबल झाल्याचे हे चित्र चिफ्ली यांनी जवळून पाहिले. मार्च 1931 मध्ये ते संरक्षणमंत्री झाले होते.

अखेर जून 1931 मध्ये केंद्र आणि राज्ये यांनी मिळून खर्चकपातीची योजना स्वीकारली. सरकारी खर्चात वीस टक्के कपात ठरली. तिच्यात वेतन आणि निवृत्तिवेतनही सुटले नाही. दिवाळखोरीपेक्षा ही कपात बरी, अशा विचाराने चिफ्ली यांनी नाइलाजाने तिला पाठिंबा दिला. दुसरीकडे न्यू साउथ वेल्सचे मुख्यमंत्री जॅक लँग लंडनच्या सावकारांचे व्याजच देऊ नका, अशी हाळी देत होते आणि गांजलेली जनता त्यांच्यामागे धावत होती. मजूर पक्ष दुभंगला. ज्या संघटनेसाठी चिफ्ली यांनी उमेदीची वर्षे वेचली, तिनेच त्यांना काढून टाकले. डिसेंबर 1931च्या निवडणुकीत मजूर मतांची फाटाफूट होऊन त्यांची जागाही गेली. बँकांपुढे मान तुकवल्याची ही शिक्षा होती.

पुढची नऊ वर्षे ते संसदेबाहेर होते. पण हा काळ त्यांनी वाया घालवला नाही. गावाकडच्या स्थानिक मंडळात काम करता करता त्यांनी अर्थशास्त्राचे वाचन चालूच ठेवले. 1935 मध्ये चलन व बँकव्यवस्थेच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाचे ते सदस्य झाले. 1937च्या अहवालाला त्यांनी स्वतंत्र मतपत्रिका जोडली. नफ्यासाठी चालणाऱ्या खासगी बँकांच्या हाती देशाचा पतपुरवठा राहू नये, हे तिचे सार होते. दहा वर्षांनी जे घडणार होते, त्याची ही पूर्वसूचनाच म्हणावी लागेल.

1940 मध्ये मॅक्वारीने त्यांना पुन्हा संसदेत धाडले आणि ऑक्टोबर 1941 मध्ये जॉन कर्टिन यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले. 1942 मध्ये प्राप्तिकराचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे आला. ऑस्ट्रेलियातील केंद्र-राज्य आर्थिक संबंधांचा तोल तेव्हा कलला तो कलला. 1945च्या श्वेतपत्रिकेने पूर्ण रोजगार ही सरकारची जबाबदारी मानली. कर्टिन यांच्या निधनानंतर जुलै 1945 मध्ये चिफ्ली पंतप्रधान झाले. युरोपीय स्थलांतरितांसाठी देशाची दारे उघडली गेली, राष्ट्रीय विद्यापीठ स्थापन झाले, हिमपर्वतांतील प्रचंड जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. स्वतः पंतप्रधान मात्र सरकारी निवासस्थान सोडून कॅनबेरातील एका साध्या हॉटेलातील खोलीत राहत.

भारतीय वाचकाला जवळची वाटावी अशीही एक बाजू या कारकिर्दीला आहे. जुलै 1947 मध्ये इंडोनेशियावरील डच आक्रमणाचा प्रश्न भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोघांनीच सुरक्षा परिषदेत नेला. भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकेल, असा तोडगा एप्रिल 1949 मध्ये लंडनच्या ज्या परिषदेत निघाला, तीत नेहरूंसोबत चिफ्लीही होते. मात्र आशियाच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देणाऱ्या याच सरकारने आशियाई माणसाला आपल्या देशात वसण्यास मज्जाव करणारे श्वेत ऑस्ट्रेलियाचे धोरण तसेच चालू ठेवले, हे विसरून चालणार नाही.

निर्णायक चूक घडली ती 1947 मध्ये. राज्य सरकारे व नगरपालिका यांनी आपले व्यवहार कॉमनवेल्थ बँकेतच करावेत, ही कायद्यातील तरतूद मेलबर्न नगरपालिकेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने त्या ऑगस्टमध्ये रद्द केली. अवघ्या काही दिवसांत, 16 ऑगस्ट रोजी, सर्व खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. वृत्तपत्रांना दिलेले निवेदन जेमतेम चार ओळींचे होते. 1946च्या निवडणुकीत या विषयावर कौल मागितलेला नव्हता. जनतेला विश्वासात घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. बँकांनी पैसा ओतला, बँक कर्मचारी दारोदार फिरले आणि रॉबर्ट मेंझिस यांच्या विरोधी पक्षाला नवे बळ लाभले. 1948 मध्ये उच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला. 1949 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही तोच निर्णय कायम केला. आधार होता राज्याराज्यांतील व्यापार मुक्त ठेवणाऱ्या घटनेच्या 92व्या कलमाचा. आपल्या राज्यघटनेचे 301वे कलम लिहिताना याच कलमाचा आधार घेतला गेला. भारतात 1969 साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण इंदिरा गांधींना लोकप्रियतेच्या शिखरावर घेऊन गेले. ऑस्ट्रेलियात त्याच पावलाने एका सरकारचा पाया खचला, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

उरलेली कसर 1949ने भरून काढली. जूनअखेरपासून सात आठवडे कोळसा खाणींचा संप चालला. ऐन हिवाळ्यात वीज तुटली, कारखाने थंडावले. एकेकाळी संपापायी बडतर्फ झालेल्या या पंतप्रधानांनीच शेवटी खाणींत सैनिक उतरवले. कामगारांचा एक गट दुखावला आणि मध्यमवर्गही जवळ आला नाही. स्टर्लिंग गटाचे डॉलर वाचवण्यासाठी नोव्हेंबरमध्ये पेट्रोलचे रेशनिंग पुन्हा लादले गेले. युद्ध संपून चार वर्षे लोटली, तरी टंचाई आणि परवाने संपत नाहीत, याने लोक वैतागले होते. मेंझिस यांनी रेशनिंग संपवण्याचे आणि पौंडाची किंमत सावरण्याचे आश्वासन दिले. चिफ्ली यांनी आश्वासनांची खैरात नाकारली. 10 डिसेंबर 1949 रोजी 121 जागांच्या सभागृहात मजूर पक्षाला 47 जागा मिळाल्या. पेट्रोल लवकरच मोकळे झाले. महागाई मात्र 1951 मध्ये वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचली.

विरोधी पक्षनेता म्हणून चिफ्ली लढत राहिले. 13 जून 1951 च्या रात्री संसद भवनात संघराज्याच्या सुवर्णमहोत्सवी नृत्यसमारंभाची धामधूम चालू असताना, नेहमीच्या हॉटेलातील खोलीत त्यांना हृदयविकाराचा झटका आला. बातमी कळताच मेंझिस यांनी समारंभ थांबवला.

1931 मध्ये चिफ्ली पराभूत झाले ते सरकार बँकांपुढे दुबळे ठरले म्हणून आणि 1949 मध्ये ते बँकांवर चालून गेले म्हणून. यावरून मतदार लहरी असतात असा निष्कर्ष काढणे सोपे, पण अन्यायाचे ठरेल. दोन्ही वेळी नागरिकाच्या खिशाला हात घालणारा निर्णय बंद दाराआड झाला आणि त्याला तो नंतर कळवण्यात आला. पूर्ण रोजगार, समाजकल्याण, स्थलांतर ही चिफ्ली यांची धोरणे मेंझिस यांनाही मोडता आली नाहीत. कारण ती लोकांच्या गळी उतरली होती. बँकांच्या बाबतीत आजोबांच्या बुडालेल्या पुंजीने त्यांना जे पटवले होते, ते देशाला पटवून देण्यास त्यांनी वेळच घेतला नाही.