शिक्षकांच्या पंगतीला बसलेले संत



मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग म्हटला की आपल्यापुढे पुस्तक येते, पाठांतर येते, परीक्षा येते. फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. तो कुठून येतो, त्याला कोणी तयार केले, त्याच्या घरी चूल कशी पेटते, त्याच्या मनात देवाविषयी काय आहे, हे आपण विचारीत नाही. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका श्रीमंत धर्मगुरूला हाच विचार करावा लागला आणि त्याचे अवघे आयुष्य बदलून गेले. ते धर्मगुरू म्हणजे संत योहान बाप्टिस्ट द ला साल. पोप बारावे पायस यांनी १९५० साली त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ७ एप्रिल हा त्यांचा सण.

मोठ्या घरचा मुलगा

योहान बाप्टिस्ट यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी रीम्स शहरात झाला. याच शहराच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांना अभिषेक होत असे. वडील न्यायाधीश, आई प्रतिष्ठित घराण्यातली. अकरा भावंडांपैकी सात जगली, त्यांत हे थोरले. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधीच, १६६७ साली, ते कॅथेड्रलचे कॅनन झाले. कॅनन म्हणजे कॅथेड्रलमध्ये नित्याची प्रार्थना म्हणणाऱ्या धर्मगुरूमंडळाचा सभासद. मान मोठा, उत्पन्नही चांगले.

१६७० साली ते पॅरिसला सेमिनरीत गेले. पण १६७१ मध्ये आई गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये वडील गेले. एकविसावे वर्षही पुरे न झालेला हा तरुण शिक्षण अर्धवट टाकून घरी परतला. पदरात चार भाऊ आणि दोन बहिणी. घरचा कारभार सांभाळत त्यांनी अभ्यास चालू ठेवला. ९ एप्रिल १६७८ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १६८० साली ते ईशज्ञानाचे डॉक्टर झाले. पुढचा रस्ता सरळ दिसत होता. विद्वत्ता होती, पैसा होता, घराण्याचे नाव होते. उद्या बिशपपदही मिळाले असते, तर कोणाला नवल वाटले नसते.

तो काळही ध्यानात घेण्यासारखा आहे. आधुनिक तत्त्वज्ञानाचा जनक मानला जाणारा देकार्त त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी वारला होता. फ्रान्सचे विद्वान मनुष्याच्या बुद्धीविषयी ग्रंथ लिहीत होते आणि त्याच देशातील शहरांच्या गल्ल्यांत मजुरांची, कारागिरांची मुले अक्षरही न ओळखता वाढत होती. आईबाप पहाटेपासून रात्रीपर्यंत कामाला. मुलांना प्रार्थना शिकवणार कोण? देव त्यांच्यावर प्रेम करतो, हे त्यांना सांगणार कोण?

एका दारातली भेट

१६७९ साली सिस्टरांच्या एका मठाच्या दारात त्यांची आद्रियँ नियेल या प्रापंचिक गृहस्थाशी भेट झाली. मूळच्या रीम्सच्या, पण रूआँ शहरात राहणाऱ्या एका धनिक बाईने नियेल यांना गरीब मुलग्यांसाठी मोफत शाळा काढण्याकरिता पाठवले होते. द ला साल यांनी त्यांना चार सल्ले दिले, एका धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंशी गाठ घालून दिली आणि संत मॉरिस धर्मग्रामात पहिली शाळा सुरू झाली. आपले काम येथे संपले, असे त्यांना वाटले होते.

नियेल शाळा काढण्यात तरबेज होते, पण एका जागी टिकत नसत. एक शाळा उघडली की ते दुसरीच्या तयारीला लागत. मागे राहत ते शिक्षक. हे शिक्षक अल्पशिक्षित, अडाणी रीतीचे, आज आहेत तर उद्या नाहीत असे. त्यांना वर्ग आवरत नसे. देवाची ओळख मुलांना करून द्यायची, तर ती आधी त्यांना स्वतःला पुरती झालेली नव्हती.

द ला साल यांच्या ध्यानात आले की इमारत, बाके आणि पुस्तके जमवून शाळा होत नाही. शिक्षक नीट नसेल, तर धर्मशिक्षण म्हणजे नुसती पोपटपंची होते. त्यांनी शिक्षकांसाठी आपल्या घराजवळ भाड्याने जागा घेतली. मग त्यांना आपल्या घरी जेवायला बोलावू लागले. आणि २४ जून १६८१ रोजी त्यांनी त्या शिक्षकांना सरळ आपल्या घरातच राहायला आणले.

आज आपल्याला यात फारसे काही वाटणार नाही. पण कोणी कोणाच्या पंगतीला बसायचे, यावरून माणसाची पायरी ठरत असे. आपल्याही समाजाला हे वेगळे सांगायला नको. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की सुरुवातीला या शिक्षकांना ते आपल्या नोकराहूनही खालचे समजत होते आणि त्यांच्यासोबत राहण्याची कल्पनाही त्यांना असह्य होती. हे सारे कुठवर जाणार हे आधी कळते, तर आपण या कामाला हातच लावला नसता, असेही त्यांनी मोकळेपणाने नोंदवले आहे. नातेवाईक खवळले. घराण्याची अब्रू गेली, असे त्यांना वाटले. पण द ला साल मागे हटले नाहीत. वर्षभराने, जून १६८२ मध्ये, वडिलार्जित घर सोडून ते शिक्षकांसह गरीब वस्तीतील एका भाड्याच्या घरात राहायला गेले.

शिक्षकांनी विचारलेला प्रश्न

खरी परीक्षा पुढेच होती. उद्याचे काय, म्हातारपणाचे काय, या चिंतेने शिक्षक खचत. द ला साल त्यांना आकाशातील पाखरांची आणि रानातील फुलांची आठवण देत देवावर भरवसा ठेवायला सांगत. एके दिवशी शिक्षकांनी त्यांना तोंडावर ऐकवले की तुमच्यापाशी इस्टेट आहे, कॅननचे उत्पन्न आहे. शाळा बुडाली तर तुम्ही तगाल, आम्ही मात्र रस्त्यावर येऊ. मग भरवशाच्या गोष्टी तुम्हाला सोप्या आहेत.

यावर ईशज्ञानाच्या डॉक्टरांपाशी उत्तर नव्हते, कारण शिक्षकांचे म्हणणे खरे होते. जो उपदेश स्वतःला लागू होत नाही, तो ऐकणाऱ्याच्या मनात कसा शिरेल? पॅरिसचे फादर निकोला बारे यांचा सल्ला त्यांनी घेतला आणि १६८३ साली कॅननपद सोडले. ते आपल्या भावाला न देता त्यांनी एका गरीब धर्मगुरूला मिळवून दिले. त्याच सुमारास दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी आपली संपत्ती भुकेल्यांच्या भाकरीसाठी वाटून टाकली. ती शाळांच्या नावे ठेवता आली असती. पण आता शिक्षकांच्या आणि त्यांच्या मध्ये पैशाची भिंत उरली नाही. दोघांनाही आधार एकच, देवाचा.

यातूनच ‘ख्रिस्ती शाळांचे बंधू’ हा संघ उभा राहिला. या बंधूंपैकी कोणीही धर्मगुरू होणार नाही, असे पुढे ठरले. वेदीवर जाण्याची वाट पाहत कोणी वर्गात दिवस काढू नये. वर्ग हेच त्यांचे पाचारण, वर्गातूनच त्यांनी पवित्र व्हायचे.

त्यांचा वर्ग कसा असे

त्यांच्या शाळांचे दैनंदिन नियम एका पुस्तकात बारकाईने लिहिलेले आहेत. त्या काळी बहुतेक शाळांत शिक्षक एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवी आणि बाकीची मुले हुंदडत. द ला साल यांनी मुलांचे गट करून साऱ्यांना एकत्र शिकवण्याची पद्धत रुजवली. आधी लॅटिन वाचायला शिकवण्याची रीत मोडून मुलांच्या बोलीतून, म्हणजे फ्रेंचमधून सुरुवात केली. फी नव्हती.

सकाळी मुले घरून आणलेली न्याहारी वर्गातच खात. त्या वेळी एक टोपली फिरे. ज्याच्यापाशी भाकरी जास्त असेल त्याने तीत टाकावी आणि ज्याने काही आणले नसेल त्याला त्यातून मिळावी. शेजारप्रीतीचा धडा पुस्तकात येण्याआधी टोपलीत येत असे! दर तासाला क्षणभर थांबून, आपण देवाच्या सान्निध्यात आहोत याची सारे आठवण करीत. धर्मशिक्षणाला रोज अर्धा तास, रविवारी आणि सणाच्या दिवशी दीड तास.

या धर्मशिक्षणाविषयी त्यांचा नियम आपण जपून ठेवावा असा आहे. शिक्षकाने प्रवचन करू नये. त्याने प्रश्न विचारावा, त्यातून उपप्रश्न काढावा, कोणालाही न वगळता प्रत्येक मुलाला विचारावे. प्रश्न सोपा असावा आणि ज्याला उशिरा कळते त्याला अधिक वेळा संधी मिळावी. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस तरुणांना प्रश्न विचारून विचार करायला लावी. येथे मोची-गवंड्याच्या मुलाला तो मान मिळत होता. मूल गैरहजर राहिले, तर कारण शोधायचे. पोटासाठी आईबापांनी कामाला लावले असेल, तर त्यांना जाऊन समजवायचे.

शिक्षकांच्या मननासाठी त्यांनी जे लिहिले, त्यात याकोबाच्या शिडीचा दृष्टांत घेतला आहे. शिक्षकाने देवदूतासारखे रोज शिडी चढून मुलांच्या गरजा देवापुढे मांडाव्यात आणि खाली उतरून देवाचे मन मुलांना सांगावे.

दुःखाची वाट

१६८८ साली ते पॅरिसला गेले. तेथे फी घेणाऱ्या लेखनशिक्षकांच्या संघाने त्यांच्यावर खटले भरले. मोफत शाळेमुळे त्यांचे गिऱ्हाईक तुटत होते. पुढे आणखी एका खटल्यात न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला आणि १७१२ साली ते खचलेल्या मनाने दक्षिणेकडे निघून गेले. आपणच या कामातील अडथळा आहोत, असे त्यांना वाटू लागले होते. १ एप्रिल १७१४ रोजी पॅरिसच्या बंधूंनी त्यांना पत्र लिहून परत येण्याची आज्ञा केली. ज्यांना त्यांनी आज्ञापालन शिकवले, त्यांनीच आज्ञा केली, आणि हा संस्थापक निमूटपणे ऑगस्टमध्ये परतला.

१७१७ साली संघाची धुरा त्यांनी ब्रदर बार्थेलेमी यांच्याकडे सोपवली. ७ एप्रिल १७१९ रोजी, उत्तम शुक्रवारी, रूआँ येथे त्यांनी देह ठेवला. १९०० साली पोप तेरावे लिओ यांनी त्यांना संतपद बहाल केले. आज भारतासह अनेक देशांत त्यांच्या बंधूंच्या शाळा आहेत.

भाविकांनो, आपल्या मुलांना धर्मशिक्षण देणारे तरुण-तरुणी, गृहिणी आणि प्राथमिक शाळांतील शिक्षक आपल्यातलेच आहेत. रविवारची झोप आणि घरचे काम बाजूला सारून ते येतात. त्यांची तयारी व्हावी, त्यांना पुस्तके मिळावीत, त्यांची विचारपूस व्हावी, ही आम्हा धर्मगुरूंची आणि तुम्हा पालकांची जबाबदारी आहे. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारल्यावर मुलाचा वर्ग सुटतो, तेव्हा बहुधा घराने आधीच त्याचा हात सोडलेला असतो. या आठवड्यात आपल्या मुलाच्या धर्मशिक्षकाला एकदा घरी जेवायला बोलवा. त्याच्याशी बोला. मुलालाही त्या पंगतीला बसवा.

संत योहान बाप्टिस्ट द ला साल, आमच्या शिक्षकांसाठी विनंती कर. आमेन.