लक्ष्मीबाई टिळक : पाळकाच्या पत्नीची घडण

‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाकडे आपण आत्मचरित्राचा एक श्रेष्ठ नमुना म्हणून पाहतो. तो तसा आहेच. या घटकात मात्र त्याच्या लेखिकेचे चरित्र आपण एका विशिष्ट प्रश्नाच्या रोखाने पाहणार आहोत. ख्रिस्ती मंडळीत पाळकाची नेमणूक होते, त्याला दीक्षा मिळते, वेतन मिळते. त्याच्या पत्नीची नेमणूक कोणी करीत नाही, तरीही मंडळीचे निम्मे ओझे तिच्या उंबरठ्यावर येऊन पडते. दुःखी माणूस तिच्याच दाराशी येतो, अनाथ मूल तिच्याच पंक्तीला बसते, आणि पतीच्या ध्येयवादाची किंमतही बहुधा तिच्याच भांडारातून चुकती होते. अशा स्त्रियांना अनुभवी व्यक्तीने जवळ बसवून मार्गदर्शन करावे, हा विचार आज ख्रिस्ती समाजात मांडला जातो. लक्ष्मीबाईंना अशी पद्धतशीर शिकवण लाभली नाही. मग त्या घडल्या कशा?

नाशिकजवळील जलालपूर येथे 1868 मध्ये त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले, घरात मनू. आईच्या वडिलांना 1857 च्या उठावानंतर फाशी झाली होती. मनूच्या वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे, की घरात येणारा जिन्नस धुतल्याशिवाय त्यांना चालत नसे. शिवाशिवीच्या या धाकात वाढलेली मुलगी पुढे सर्व जातींच्या मुलांना आपल्या हातचे वाढणार होती, हे अंतर आपण नीट ध्यानात घ्यावे. 1880 मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास, तिचा विवाह नारायण वामन टिळक यांच्याशी झाला. टिळक कवी, संस्कृतज्ञ, उदार आणि कमालीचे अस्थिर. नोकरी एका गावी, मन दुसऱ्या गावी. हाती आलेला पैसा घरापर्यंत पोहोचेल याची शाश्वती नसे.

अक्षरओळख त्यांना टिळकांनीच करून दिली. टिळक मोठे कवी असले तरी घरातल्या विद्यार्थिनीचे शिक्षक म्हणून फारसे धीराचे नव्हते. शिकवण्याचा उत्साह येई, लवकरच रागाचा झटका येई, आणि धडा अर्ध्यावर राही. लक्ष्मीबाईंचे वाचन-लेखन असे तुटक तुटक, संसाराच्या सांदीकोपऱ्यात झाले. शाळेची पायरी न चढता, घरकाम उरकून पुस्तक हाती घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला या शिक्षणक्रमाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही.

1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत टिळकांना एका युरोपियन गृहस्थाकडून ‘नवा करार’ मिळाला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीची संमती तर नव्हतीच. निर्णय पूर्ण झाल्यावर त्याचा आघात तेवढा तिच्या वाट्याला आला. आजच्या वाचकाने येथे थोडे थांबावे. त्या काळच्या ब्राह्मण स्त्रीच्या दृष्टीने पती जिवंत असूनही गमावला होता. ती विधवा नव्हती, पण लोकांच्या लेखी धड सवाष्णही नव्हती. लहानग्या दत्तूला घेऊन लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. त्यातला मोठा काळ पंढरपुरात गेला. या विरहातच त्यांच्या काव्यरचनेला धार आली. तिकडून टिळक पत्रे आणि कविता पाठवीत. त्यांतील प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण प्रेम वेगळे आणि जोडीदाराला विश्वासात घेणे वेगळे. टिळकांच्या थोरवीपुढे झुकतानाही हा भेद अभ्यासकाने पुसून टाकू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, परंतु धर्म बदलून नव्हे. अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनच्या वातावरणात त्या राहू लागल्या, तेव्हा आरंभी त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. टिळकांनी येथे जे केले ते मोलाचे होते: त्यांनी सक्ती केली नाही. पहिल्या चुकीनंतर आलेले हे शहाणपण म्हणावे. पत्नीला आपल्या गतीने पाहू दिले, विचार करू दिला.

लक्ष्मीबाईंचा विचार ज्या क्रमाने झाला तो फार बोलका आहे. प्रथम सुटली ती जात. माणसे देवाने निर्माण केली, जाती माणसांनी. मग कोणाच्या हातचे पाणी का वर्ज्य मानावे, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या बुद्धीने काढला, आणि तोही बाप्तिस्म्याच्या आधी. कोणा मिशनरीने त्यांना पाठ दिला नव्हता. त्यानंतर 1900 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. म्हणूनच हा स्वीकार पतीच्या सावलीतला राहिला नाही. 1904 मध्ये टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, त्या वेळी घरात सेवाकार्याचा आपल्यापुरता अर्थ लावून बसलेली स्त्री होती.

ते कार्य व्याख्यानांचे कमी आणि स्वयंपाकघराचे अधिक होते. 1899-1900 च्या दुष्काळाने आणि नंतर प्लेगने अनाथ व निराधार केलेली मुले टिळकांच्या घरी येत. टिळक मनाने मुलाला घरात घेत. त्याला न्हाऊ घालणे, खाऊ घालणे, आजारपणात उशाशी बसणे हे लक्ष्मीबाईंकडे. प्लेगच्या साथीत त्यांनी रुग्णांची शुश्रूषाही केली. तरुण बालकवी ठोंबरे या घरात राहिले ते जणू घरचा मुलगा होऊनच, आणि त्यांच्या हट्टी, हळव्या स्वभावाला सांभाळून घेणारी आई त्यांना येथे मिळाली. पाहुणा मोजून येत नसे आणि पीठ मोजूनच असे. या विषमतेतून वाट काढण्याचे कसब कोणत्याही धर्मशिक्षणशाळेत शिकवले जात नाही.

1917 मध्ये आणखी एक कसोटी आली. टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली, संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघेही तेथे बंधू मानले जाणार होते. कल्पना भव्य होती. महिन्याचे वेतन मात्र थांबले होते. 1895 च्या आणि या निर्णयात फरक एवढाच, की आता लक्ष्मीबाई कोसळल्या नाहीत. त्या वाद घालीत, विनोद करीत, आणि घर चालवीत.

9 मे 1919 रोजी टिळक निवर्तले. पाळकाच्या पत्नीचे स्थान पतीच्या पदावर उभे असते. पद संपले की पुष्कळदा ती मंडळीतही परकी होते. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत उलट घडले. मुलगा देवदत्त याने टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून देण्याचा आग्रह धरला, त्यातून ‘स्मृतिचित्रे’ आकाराला आली. 1934 पासून ती चार भागांत प्रसिद्ध झाली, आणि 1950 मध्ये ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने तिचे इंग्रजी भाषांतर निघाले. आपण हा ग्रंथ वाचाल तेव्हा जेथे लेखिका स्वतःवर हसते ती स्थळे वेगळी टिपून ठेवा. पतीला, सासऱ्याला, मिशनरीला हसण्याआधी तिने बहुधा स्वतःची फजिती सांगितलेली आढळेल. सल्ला मागायला येणाऱ्या बायकांना अशाच स्त्रीशी मोकळेपणाने बोलता येत असावे.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्यायांपर्यंत गेले होते. उरलेल्या प्रचंड रचनेचा बहुतेक सर्व भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्यांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ 1938 मध्ये छापून बाहेर पडले, त्यावर दोघांचेही नाव होते.