रेव्ह. डॉ. जस्टिन अ‍ॅबट : संतचरित्रांचे संग्राहक

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना अ‍ॅबटसाहेब परिचित आहेत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला. त्याआधीच्या तळमळीच्या काळात टिळकांनी ज्यांच्याशी पत्रव्यवहार केला ते हेच. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मात्र आपल्या मंडळ्यांत फारसा कोणास ठाऊक नाही.

त्यांचा जन्म १८५३ साली अमेरिकेत झाला. वडील रेव्ह. एमॉस अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे. त्यामुळे मराठी भाषा त्यांच्या कानी बालपणीच पडली. १८८१ साली ते स्वतः मिशनरी म्हणून मुंबईस आले व १९१० पर्यंत सेवेत राहिले. पुढे न्यू जर्सीतील समिट येथे राहून त्यांनी जुन्या मराठी वाङ्मयाला वाहून घेतले.

फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले, कारण गोव्यात देवनागरी खिळेच नव्हते. १९०७ ची मंगळूरची आवृत्तीही रोमनच. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेतील विल्यम मार्सडन यांच्या संग्रहात अ‍ॅबटांना या पुराणाची देवनागरी पोथी आढळली व १९२३ साली त्यांनी ती अभ्यासकांपुढे आणली. रोमन पाठात जेथे पोर्तुगीज शब्द आहेत तेथे हिच्यात पुष्कळदा संस्कृत शब्द येतात. हाच मूळ पाठ, असे त्यांचे मत. त्यावर विद्वानांत एकमत नाही. ते काही असो, आपल्या आद्य महाकाव्याला आपली लिपी मिळाली, हे ऋण लहान नव्हे.

१९२६ पासून पुण्याहून त्यांची संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला निघू लागली : भानुदास, एकनाथ, दासोपंत, बहिणाबाई, तुकाराम, रामदास. तिचा मोठा आधार ताहराबादचा महीपती. तोही संग्राहकच, नाभाजी, उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांतून संतकथा वेचून त्याने १७६२ साली ‘भक्तविजय’ रचला. येथे चंदीगडमध्ये गुरुग्रंथसाहिबातील नामदेवांची पदे भक्तिभावाने म्हणणारी माणसे भेटतात. पण त्यांना महीपतीचे नामदेव वाचावयाचे असल्यास अ‍ॅबटांचे भाषांतर हाती देणे सोयीचे पडते.

मिशनऱ्याने आपले म्हातारपण पंढरीच्या भक्तांवर का खर्चावे, असे विचारणारे आजही आहेत. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, हे अ‍ॅबटांनी जवळून पाहिले होते. परधर्मीयाचा ग्रंथ भाषांतरिताना त्यात आपला उपदेश घुसडण्यास हात शिवशिवतो, हे या व्यवसायातील कोणीही सांगेल. अ‍ॅबटांनी मूळ शब्दाला धरून भाषांतर केले. चमत्कारकथांवर निवाडा देत ते बसले नाहीत.

१९३२ साली त्यांचे निधन झाले. ‘भक्तविजया’चे दोन खंड १९३३ व १९३४ साली, आणि ‘भक्तलीलामृत’ १९३५ साली, त्यांचे सहकारी पंडित नरहर गोडबोले व रेव्ह. जे. एफ. एडवर्ड्स यांच्या परिश्रमाने प्रसिद्ध झाले.