केसरबाई केरकर : अखंड शिष्यत्वाचा आनंद

फोंडा तालुक्यातील केरी या गावी १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. देवळांच्या आश्रयाने गाणे जोपासणाऱ्या कलावंत समाजात गोड गळा लाभणे नवलाचे नव्हते. दुर्मीळ होती ती सलग तालीम. त्या काळच्या गोव्यात मोठे गवई येत, काही दिवस राहत आणि निघून जात. गाणे शिकायचे, तर गाव सोडणे भाग होते.

आठव्या वर्षी केसरबाई कोल्हापूरला गेल्या. तेथे अब्दुल करीम खाँ यांच्याकडे जेमतेम आठ महिने तालीम मिळाली. गोव्यात परतल्यावर रामकृष्णबुवा वझे लामगावला येत, तेव्हा त्यांच्याकडे शिकणे चाले. सोळाव्या वर्षी त्या मुंबईला आल्या. सतारवादक बरकतुल्ला खाँ यांच्याकडे अधूनमधून, तर भास्करबुवा बखले यांच्याकडे अल्पकाळ त्या शिकल्या. गुरू चार झाले, पण एकाही वाटेने शेवटपर्यंत जाता आले नाही. इतक्या शिदोरीवर मैफली गाजवून समाधान मानणे अशक्य नव्हते. केसरबाईंना मात्र ते पटले नाही.

१९२१ मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व त्यांनी पत्करले. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. या घराण्याची गायकी अवघड. खुला, भरदार आकार, दीर्घ दमसास, तालाच्या प्रत्येक मात्रेशी गुंफलेली आलापी, पेचदार ताना आणि अनवट, जोड राग हे तिचे विशेष. ती आत्मसात करायची म्हणजे गळ्याला पडलेली जुनी वळणे मोडून नव्याने घडायचे. नावलौकिकाच्या वयात पुन्हा विद्यार्थिनी होण्याचे हे धैर्य त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारे ठरले. १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, हे शिष्यत्व टिकले. देशभर कीर्ती पसरल्यावरही गुरूसमोर बसून शिकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१९४८ मध्ये कोलकात्याच्या रसिकांनी त्यांना ‘सूरश्री’ ही उपाधी दिली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, तर १९६९ मध्ये पद्मभूषण हा सन्मान त्यांना लाभला. पण स्वतःच्या गाण्याची कसोटी त्यांनी स्वतःकडेच ठेवली. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. वयाबरोबर उतरलेला आवाज श्रोत्यांसमोर नेणे त्यांना मान्य नव्हते. शिष्या करण्याच्या बाबतीत त्या अतिशय निवडक होत्या. धोंडूताई कुलकर्णी यांना मात्र त्यांनी आपली विद्या दिली.

१९७७ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अमेरिकेची दोन व्हॉयेजर याने अंतराळात झेपावली. जगभरच्या निवडक संगीताच्या तबकडीवर केसरबाईंची भैरवीही त्यांच्यासोबत गेली. दुसरे यान निघाल्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, केसरबाईंनी जगाचा निरोप घेतला.

गाणे शिकण्यासाठी ज्या केरीतून एका मुलीला बाहेर पडावे लागले, तेथील विद्यालय आज तिच्याच नावाने ओळखले जाते. त्या नावामागे उपाध्यांइतकेच मोल आहे ते पन्नाशी उलटल्यावरही तालमीला बसणाऱ्या विद्यार्थिनीचे.