सर जॉर्ज ग्रियर्सन आणि सातपुड्यातील बोली

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बुऱ्हाणपूर हे फारुकी सुलतानांच्या काळापासून दक्षिणेचे द्वार म्हणून ओळखले जाते. द्वारावर सर्व दिशांची माणसे भेटतात, तशा सर्व दिशांच्या वाणीही भेटतात. येथील बाजारपेठेत मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारधर्माने नांदल्या. खेड्यांतून निमाडी व खानदेशी, तर सातपुड्याच्या कुशीतून भिली आणि कोरकू ऐकू येत राहिली. यांपैकी ग्रंथांची भाषा कोणती आणि केवळ मुखाची कोणती, हा भेद विद्वानांनी पूर्वापार केला. परंतु मुखाच्या भाषेलाही व्याकरण असते, तिलाही कुळ व इतिहास असतो, हे मान्य करून अशा शेकडो बोलींची एका ग्रंथात नोंद करण्याचे कार्य ज्या पुरुषाने अंगावर घेतले, ते म्हणजे सर जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन.

त्यांचा जन्म इ. स. १८५१ च्या जानेवारी महिन्याच्या ७ तारखेस आयर्लंडमध्ये डब्लिननजीक झाला. घराणे मुद्रणव्यवसायातील, अक्षरांचा सहवास जन्मापासूनचा. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी गणिताचे अध्ययन केले, पण तेथेच प्राध्यापक रॉबर्ट अ‍ॅट्किन्सन या बहुभाषाकोविद गुरूंची गाठ पडली आणि त्यांच्यापाशी संस्कृताचे पाठ सुरू झाले. १८७१ साली मुलकी सेवेची परीक्षा उत्तीर्ण होऊन १८७३ साली ते बंगाल प्रांतात दाखल झाले.

त्यांच्या सेवेचा बराचसा काळ बिहारात गेला. कचेरीत कैफियती ऐकताना त्यांना उमगले की, सरकारी कागदांतील हिंदुस्थानी आणि वादीप्रतिवादींच्या तोंडची भाषा यांत मोठे अंतर आहे. हे अंतर उपेक्षून न्याय देणे त्यांना अवघड वाटले असल्यास नवल नाही. मैथिलीच्या व्याकरणापासून त्यांनी आरंभ केला. १८८३ ते १८८७ या काळात बिहारी बोलींची सात व्याकरणे प्रसिद्ध केली. १८८५ साली बिहारच्या कृषिजीवनावरील ग्रंथ लिहिला. नांगराचे भाग, बैलगाडीचे अवयव, कुंभाराची व विणकराची साधने, या सर्वांची गावोगावची नावे त्यांनी त्यात नोंदवली. शेतकऱ्याच्या अंगणात उभे राहून कोश रचणारा हा अधिकारी त्या काळच्या साहेबवर्गात विरळाच म्हणावा लागेल.

१८८६ साली व्हिएन्ना येथे प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली. तीत हिंदुस्थानच्या भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी असा ठराव संमत झाला आणि त्यामागे ग्रियर्सन यांचा आग्रह होता. सरकारी चक्र मंदगतीने फिरले. अखेर १८९८ साली पाहणीच्या अधीक्षकपदी त्यांची नेमणूक झाली. ब्रह्मदेश, मद्रास इलाखा, हैदराबाद व म्हैसूर संस्थाने वगळून उरलेल्या प्रदेशात हे कार्य चालले.

पाहणीची पद्धती साधी होती. प्रत्येक बोलीतून तीन गोष्टी मागवण्यात आल्या : बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे रूपांतर, त्या लोकांतीलच एखादी कथा वा निवेदन, आणि ठरावीक शब्द व वाक्ये यांची २४१ नोंदींची यादी. एकच कथा सर्वत्र असल्याने तुलना सुलभ झाली. परंतु ही सामग्री बव्हंशी स्थानिक अधिकारी आणि त्यांचे साहाय्यक यांच्या हातून आली. भाषाशास्त्राचे शिक्षण त्यांपैकी फार थोड्यांना होते. वनवासी मनुष्य लेखणीधारकापुढे आपली घरची भाषा मोकळेपणाने बोलेलच, असे नाही. शिवाय आपल्या भाषेचे नाव काय, हे पुष्कळांना ठाऊकच नव्हते. शेजारी देतील ते नाव कागदावर चढे. ग्रियर्सन यांना या उणिवांची जाणीव होती आणि त्यांनी त्या झाकल्या नाहीत.

या प्रचंड ग्रंथमालेत बुऱ्हाणपूर परिसराच्या वाणी निरनिराळ्या खंडांत विखुरल्या आहेत. मराठी १९०५ च्या सातव्या खंडात आली. खानदेशीला तेथे स्थान मिळाले नाही. ती १९०७ साली भिली बोलींच्या पंक्तीस बसली, आणि त्याविषयी मराठी अभ्यासकांत मतभेद राहिले आहेत. निमाडी १९०८ साली राजस्थानीच्या भागात गेली. कोरकू मात्र १९०६ च्या चौथ्या खंडात, मुंडा कुळात आली. संथाळ परगण्यापासून शेकडो कोस दूर असलेल्या सातपुड्यातील लोकांची भाषा संथाळीची भगिनी ठरावी, ही गोष्ट सामान्य वाचकास आजही विस्मयाची वाटेल.

याच चौथ्या खंडात निमाड जिल्ह्यातील नहाली बोलीचे प्रकरण आहे. हा खंड ग्रियर्सन यांचे सहकारी, नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. नहाली मुळात कोरकूसारखी मुंडा बोली असावी, तिच्यावर प्रथम द्राविडी आणि मग आर्य भाषांचा थर चढला असावा, असे अनुमान त्यांनी मांडले. पुढे १९५७ साली सुधिभूषण भट्टाचार्य यांनी नव्याने टिपणे प्रसिद्ध केली व १९६२ साली डच पंडित कायपर यांनी तिचे तौलनिक परीक्षण केले. उसने शब्द बाजूला काढल्यावर सुमारे चतुर्थांश शब्दसंपदा अशी उरली की, तिचे नाते कोणत्याच ज्ञात कुळाशी जुळेना. निहाली या नावाने आज प्रसिद्ध असलेली ही बोली मुख्यतः बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव-जामोद भागात थोड्या लोकांच्या मुखी उरली आहे. कोनो यांचे अनुमान अपुरे ठरले खरे. पण ते तपासण्यास आधार म्हणून निमाडातील तो नमुना छापलेला होता, हे विसरता येत नाही.

ग्रियर्सन यांचे दुसरे प्रेम संतवाङ्मयावर होते. १८९३ साली त्यांनी तुलसीदासांवर विस्तृत लेखन केले आणि काशीचे महामहोपाध्याय सुधाकर द्विवेदी यांच्यासह जायसीच्या पद्मावताचे संपादन आरंभिले. रामचरितमानसाची थोरवी पाश्चात्त्य विद्वानांच्या मनावर ठसवण्याचे श्रेय त्यांचेच. मात्र १९०७ साली, मध्ययुगीन भक्तिमार्गाने दक्षिणेतील नेस्टोरियन ख्रिस्ती मंडळींपासून पुष्कळ घेतले, असे मत त्यांनी मांडले. ते टिकण्यासारखे नव्हते. गीतेतील शरणागती आणि आळवारांची पदे समोर असता भक्तीचा उगम परक्या अंगणात शोधण्याचे कारण नव्हते. दोन बोलींतील चार शब्द जुळले म्हणून त्यांचे एक कुळ मानू नये, हा संयम पाहणीत पाळणाऱ्या विद्वानाने धर्मविचारातील सादृश्यास उसनवारी समजावे, याचे आश्चर्य वाटते. श्रद्धा अभ्यासकाच्या दृष्टीवर कशी पडदा टाकते, याचे हे एक उदाहरण होय.

१९०३ साली ते सेवानिवृत्त झाले, पण पाहणीतून निवृत्त झाले नाहीत. इंग्लंडात कॅम्बर्ली येथील आपल्या घरी हजारो कोसांवरून आलेल्या कागदांच्या राशी त्यांनी पाव शतक उपसल्या. १९०३ ते १९२८ या काळात एकोणीस भागांचे अकरा खंड निघाले. १७९ भाषा आणि ५४४ बोलींची त्यांत गणना झाली. काही प्रांतांतील बोलींच्या ध्वनिमुद्रिकाही त्यांनी करवून घेतल्या. त्या काळच्या माणसांचे आवाज त्यांतून आजही ऐकता येतात. मध्येच काश्मिरीचा मोठा कोश आणि लल्लेश्वरीच्या वचनांचे संपादनही झाले. कार्य पुरे झाले त्या १९२८ साली त्यांना ब्रिटिश राज्याचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा सन्मान मिळाला.

१९४१ च्या मार्च महिन्याच्या ९ तारखेस, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, कॅम्बर्ली येथेच त्यांचे देहावसान झाले.